आमच्या चाळीचा वरचा सा

शाळेतून निवृत्त होऊन मला पुष्कळ वर्षं झाली, तरी इमारतीतल्या आया अजून माझं दार वाजवतात. पूर्वी पेटी म्हणायच्या, हल्ली पियानो म्हणतात. घरात बॅटरीवरचा कीबोर्ड आलेला असतो, मुलगी त्याच्यावर दोन बोटांनी कुठलंतरी गाणं बडवत असते, आणि आई मला विचारते, "बाई, हिला क्लास लावू, की आपली आपण शिकेल? कान फार चांगला आहे हो तिचा." कान चांगला आहे हे ऐकलं की माझं डोकं सरकतं. मी काहीतरी तुटक बोलते आणि चहाचं आधण ठेवायला आत जाते. त्या बायकांना वाटतं, म्हातारी खडूस आहे. आहेच. पण या प्रश्नाचं उत्तर मला एकदा स्वतःसाठी द्यावं लागलं होतं, सतराव्या वर्षी. ते मी धड दिलं नाही, आणि आमच्या घरातली पेटी बंद झाली.

पेटी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, जिथे माग चालतात तिथे. शेकडो माग एकदम चालू असले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, हातांनी खुणा करतात आणि घरी आल्यावरही ओरडूनच बोलतात. आबा मीठ मागायचे ते खालच्या मजल्यावर कळायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. साचेखात्यातल्या सगळ्यांच्याच घरी असा आरडाओरडा चाले.

आबा कुणाकडे पेटी शिकले नव्हते. गावी जत्रेला दशावतारी नाटक यायचं. त्यातल्या पेटीवाल्याच्या मागे लहानपणी हे उभे राहायचे आणि त्याची बोटं बघायचे. मुंबईला गिरणीत लागल्यावर गिरगावातल्या एका दुकानातून जुनी पेटी उचलली आणि बघितलेलं सगळं तिच्यावर शोधून काढलं. ही हकीकत आबा येईल-जाईल त्याला सांगत आणि शेवटी छातीवर हात मारून म्हणत, "माका मास्तर लागाक नाय!" चाळीचं भजनी मंडळ होतं, त्यात पेटी आबांची आणि गाणं बुवांचं. बुवा आमच्याच गावाकडचे, गिरणीत कापडखात्यात घड्या घालायचं काम करणारे. ते खातं शांत. दर गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सतरंजी पडायची आणि आबा हट्टानं बुवांना स्वतःच्या अगदी समोर बसवायचे. बाजूला बसलेले त्यांना चालत नसत. भजनभर त्यांची नजर बुवांच्या तोंडावर असायची. मला ती भक्ती वाटायची.

त्यांच्या शेजारी बसून मी शिकले. आधी नुसता भाता मारायचं काम होतं. मग त्यांची बोटं उठली की त्याच जागी माझी बोटं ठेवायची. आबांनी मला सारेगम म्हणून कधी शिकवलंच नाही. ते वाजवायचे आणि म्हणायचे, "बघलंस? आता तू." चुकलं तर हातावर हलकी टपली बसायची. चाळीतली इतर मुलं पळापळी खेळत असताना मी संध्याकाळभर आबांच्या घामाच्या आणि तेलाच्या वासात बसलेली असायची, आणि खरं सांगते, त्याहून चांगली जागा मला नंतर कुठे सापडली नाही.

पेटीची निगाही आबाच राखत. दरवर्षी गोकुळाष्टमीच्या आधी एका रविवारी ती उघडली जायची. आतल्या पितळी पत्त्या ते नरम फडक्यानं पुसत आणि ज्या पत्तीचा सूर बिघडलाय असं वाटे तिला जुन्या ब्लेडनं खरवडत. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हेही त्यांनी स्वतःच शोधलेलं. खरवडायचं, वाजवायचं, परत खरवडायचं. वाजवताना ते हनुवटी पेटीच्या लाकडावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही भावंडं त्यांच्या त्या ध्यानाला हसायचो.

आमच्या मंडळाची एक खासियत होती. कोणी नवा माणूस गायला बसला की बुवा त्याला म्हणत, "आमच्याकडे वरचा सा जरा ताणून घ्यायचा हां." तो ताणलेला सा सगळी चाळ ओळखायची. गजर वर चढला, सगळ्या टाळकऱ्यांनी तो सा घेतला की बायका हातातलं काम टाकून गॅलरीत यायच्या. मला वाटायचं, असा सा मुंबईत कुणाचा नसेल. तो तसा नव्हताच कुणाचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरण्यांच्या दारांवर सभा, भिंतींवर गेरूनं लिहिलेलं 'मुंबईसह', गोळीबार, संचारबंदी. घरातले पुरुष परत येईपर्यंत बायका चूल पेटवायच्या नाहीत. मोर्च्याला गेलेल्या माणसाचं ताट वाढून ठेवणं अशुभ, अशी आमच्या मजल्यावर समजूत होऊन बसली होती. भजनी मंडळं तेव्हा रातोरात प्रभातफेऱ्यांची पथकं झाली. देवाच्या चालीवर महाराष्ट्राचे शब्द बसवायचे आणि पहाटे गल्लोगल्ली गात हिंडायचं. आबा आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी करून पेटी गळ्यात अडकवत. माझ्याकडे झांजा असायच्या.

अशाच एका फेरीत लालबागचं एक मंडळ समोरून आलं. त्यांचीही गळ्यात पेटी, त्यांचंही तेच गाणं. दोन्ही फेऱ्या चौकात एक झाल्या आणि गाणं एकत्र चालू झालं. खालच्या ओळी छान गेल्या. वरच्या सावर आलो आणि दोन पेट्या अशा काही भांडल्या की पुढचे झेंडेवालेसुद्धा वळून बघायला लागले. लालबागचा पेटीवाला हसला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "परळची पेटी बघ, आभाळाला चाललीय!" आमची माणसं उसळली. त्यांचीच पेटी उतरलेली, दमट खोलीत ठेवत असणार, असं परत येताना सगळे बोलत होते. मीच सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. आबांना काय झालं ते कळलं नव्हतं. चौकातल्या गोंगाटात लालबागकर काय म्हणाला, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, "काही नाही, छान वाजवता म्हणाला." बुवा तेवढे टाळ पिशवीत घालून पुढे निघून गेले.

मॅट्रिक झाले आणि शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मुलींच्या शाळांना आता पेटी वाजवणाऱ्या शिक्षिका हव्या असतात, म्हणाल्या, पण नुसतं भजन वाजवता येऊन भागत नाही, रीतसर शिकलेलं लागतं. गिरगावात त्यांच्या ओळखीचे एक मास्तर होते. फीचं नंतर बघू, आधी जाऊन भेट, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. शाळेत शिकवायचं, साडीवर पिन लावून, हातात पाकीट घेऊन ट्रामनं जायचं, हे मला इतकं हवं होतं की ती चिठ्ठी मी दोन दिवस पोलक्यात घेऊन हिंडले.

आबांजवळ विषय काढला. ते जेवत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि घास तसाच हातात राहिला.

"मास्तर कित्याक व्हयो? मी आसंय मा!"

"शाळेत रीतसर लागतं म्हणे, आबा."

"रीतसर म्हणजे काय? माका खंय कोणी शिकयल्यान? कान व्हयो, कान! तुझो कान माझो आसा." हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की शेजारचं पोर जागं होऊन रडायला लागलं. मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मतानं खाली आणून, म्हणाले, "मास्तराकडे गेलंस तर संध्याकाळी माझ्या बाजूक कोण बसतला?"

आई भांडी घासायला घेऊन मोरीत गेली आणि तिथून मला खूण केली. मी गेले तशी हळूच म्हणाली, "तू जाऊन ये. तेंका आता बोलू नको. आधी बघ तरी, मास्तर घेतो की नाय."

आबांची पहिली पाळी होती तेव्हा दुपारी मी ट्राम धरली आणि गिरगावला गेले. मास्तर एका चाळीच्या तळमजल्यावर राहत. खोलीत तीन पेट्या, एक चटई आणि भिंतीला टेकलेला तंबोरा. साठीचे गृहस्थ, स्वच्छ धोतर, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी मला वाजवायला सांगितलं. मी आमच्या मंडळातला एक गजर वाजवला, जोरात, मान वगैरे हलवून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हात छान आहे. आता पेटी सोड. मी खालचा सा देतो, तू गळ्यानं वरच्या सावर जा."

मी गेले. आमच्या चाळीचा वरचा सा, दणदणीत. मास्तरांनी त्यांच्या पेटीवर वरचा सा दाबला. तो माझ्या खाली कुठेतरी बसका, मेल्यासारखा वाजला. मी परत घेतला, तेच. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. आणि मी, सतरा वर्षांची, मास्तरांच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवलेली मी, त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी वरती उतरलीय."

आता नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या घरच्या पेटीचे सूर कोण लावतं?"

"माझे आबा. स्वतः."

"काय करतात?"

"साचेखात्यात आहेत."

"अस्सं," म्हणाले. मग त्यांनी माझी दोन बोटं धरून खालच्या आणि वरच्या सावर ठेवली आणि भाता मारला. "हे ऐक. दोन सूर आहेत, पण ऐकू किती येतात?" एकच येत होता. जरा जाड, पण एकच. दुधात दूध ओतावं तसा. "आता घरी जाऊन तुमच्या पेटीवर हेच कर. आणि मग ठरव. शिकवायला मी तयार आहे. पण माझ्याकडे यायचं तर त्या पेटीशेजारी बसायचं नाही, तिच्यावर गायचं नाही. निदान वर्षभर. कानाला एक वळण लागलंय, ते आधी मोडावं लागेल. एकीकडे मोडायचं आणि दुसरीकडे घडवायचं, असं होत नाही."

घरी आले. आबा पाळीवरून येऊन झोपले होते. पेटीवर बोटं ठेवून मी हळूच भाता मारला. दोन सा एक झाले नाहीत. आधणावरचं झाकण थरथरतं तसे थरथरत राहिले. ती थरथर मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं, दोन सा एकत्र वाजले की असंच व्हायचं, तीच त्याची गोडी. एक-एक करून वरच्या सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या. वर जावं तसा सूर जास्त चढलेला. खालच्या सप्तकात मात्र काही खोट नव्हती. म्हणजे खालचं आबांना ऐकू येत होतं. वरचं येत नव्हतं. वरची पत्ती खरवडताना ती सुरात आलेली त्यांना कळतच नसणार, म्हणून ते पुढे खरवडत राहायचे. हनुवटी टेकवून, डोळे मिटून.

आबा चार हातांवर झोपले होते आणि मी पेटी वाजवत होते, आणि ते जागे झाले नाहीत. हे मी रोज बघत होते. त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि रडले. आईनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "माका वाटलाच होता." एवढंच. तिला कधीपासून वाटत होतं ते मी विचारलं नाही.

मास्तर, की आबा. कोणीही सांगेल, यात ठरवायचं काय? मास्तरांकडे जावं, शिकावं, पोटाला लागावं. पण आबांच्या शेजारून उठायचं तर का उठते ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या कानाच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर छातीवर हात मारला तो कान गेलाय? ते सांगणारी मी, जिला ते 'तुझो कान माझो' म्हणाले? आणि जाऊ नये, तर माझाही कान वाकडाच राहणार, शाळेच्या बाकावर पोरींना मी चढा सा शिकवणार. दोन-तीन महिने मी हे असंच ढकललं. दुपारी शिवणाच्या क्लासच्या नावाखाली गिरगावला जायचे, मास्तरांकडे नुसते सूर धरून बसायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन आबांच्या शेजारी तेच सूर मोडायचे. मास्तरांना दोन आठवड्यांतच कळलं होतं. शेवटी म्हणाले, "तू ठरवलेलं नाहीस. या महिन्यात ठरव, नाहीतर येऊ नकोस."

त्याच महिन्यात महाराष्ट्र होणार हे नक्की झालं, मुंबईसह. चाळींना वेड लागायचं बाकी होतं. आमच्या दोन चाळींच्या मधल्या पटांगणात मोठा कार्यक्रम ठरला आणि एकाच मंचावर दोन मंडळं बसणार असं ठरलं. दुसरं मंडळ लालबागचं, तेच, चौकातलं. आबांनी धोतर इस्त्रीला टाकलं. मला म्हणाले, "तेंका दाखवतंय आता परळची पेटी काय ती."

लोकांसमोर, दोन पेट्या शेजारी शेजारी. चौकातलं हसू मला ऐकू येत होतं, आबांना आलं नव्हतं तेही. आणि तेव्हा मला तो शहाणपणा सुचला. पेटीच सरळ केली तर? वरचे सूर जागेवर आणले की लालबागकर हसणार नाहीत, मास्तरांची अट सुटेल, आबांच्या शेजारून उठावं लागणार नाही, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. आबांना फरक कळायचाच नाही. हे शेवटचं मनात येताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मास्तरांकडून रीत विचारून घेतली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आबा पाळीला गेले आणि आई आणि मी कडी लावून बसलो. आई भाता मारत होती, मी आबांच्याच ब्लेडनं पत्त्यांच्या मुळाशी खरवडत होते. दोन सा एकत्र धरायचे, थरथर ऐकायची, खरवडायचं. थरथर मंद होत होत थांबली की पुढची पत्ती. आईला ते कळायला लागलं, एकदा तीच म्हणाली, "ह्यो झालो." एरवी कार्यक्रमाआधी मंडळ एकदा बसतं, पण त्या दिवशी सगळे पताका आणि कंदील लावण्यात गुंतले होते, कोणी बसलं नाही. संध्याकाळी आबांनी एकट्यानं थोडं वाजवून बघितलं, खालपासून वरपर्यंत बोटं फिरवली आणि समाधानानं मान हलवली. त्यांना काही कळलं नाही. मला वाटलं होतं मी खूष होईन. झाले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाल, पेढे, लेझीम. आधी लालबागचं मंडळ झालं. मग आबांनी बुवांना समोर बसवलं आणि आमचा गजर सुरू झाला. छान चालला होता. लालबागचा पेटीवाला शेजारी बसून मान डोलवत होता. मग बुवा वर चढले, त्यांच्यामागे पंधरा टाळकरी, आणि सगळ्यांनी आमच्या चाळीचा वरचा सा घेतला. ताणून.

खाली पेटी सरळ वाजत होती.

मी आयुष्यात पुष्कळ बेसूर ऐकलंय, शाळेत तीस वर्षं काढलीत. पण तसं ऐकलं नाही. बुवा दचकले. अर्धे टाळकरी खाली आले, अर्धे वरच राहिले, मग वरचे खाली आणि खालचे वर. पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. बुवांनी सवयीनं आबांकडे बघितलं, मग टाळकऱ्यांनी बघितलं, मग लोकांनी. सगळ्यांची तोंडं आबांकडे. आबांना एवढंच दिसत होतं की सगळे त्यांच्याकडे बघतायत. ते बुवांचे ओठ वाचायला गेले तर ओठ थांबलेले. त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. बोटं बरोबर पट्टीवर होती. एक पट्टी सरकून बघितलं, मग दुसरी. मग हात उचलून मांडीवर ठेवला. लालबागच्या पेटीवाल्यानं सूर दिला, बुवांनी कशीबशी ओळ पुरी केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी लोक कशालाही टाळ्या वाजवत होते.

दोन दिवसांनी नळावर बुवांनी मला गाठलं. कळशी बाजूला ठेवून म्हणाले, "बाय, पेटी उघडलंस तू?"

मी मान हलवली.

"आमका म्हायत होता गो," बुवा म्हणाले. "धा वर्षां झाली. पेटी वर जाता तर आपण वर जावया, असा ठरवलला आम्ही. तेका कशाक सांगायचं? दिवसभर साच्यावर उभा असतो माणूस, संध्याकाळी तेवढा एक सूर त्याचा." मग कळशी उचलून म्हणाले, "तू एकदा विचारायचं तरी आमका." ते रागावले नव्हते. जिना चढताना दोनदा थांबले, तेवढंच.

पुढच्या गुरुवारी सतरंजी पडली. आबा गेले नाहीत. बोलवायला आलेल्या पोराला म्हणाले, डोकं दुखतंय. मी पेटी पुसत बसले होते, काहीतरी करायचं म्हणून. आबा बाजूला येऊन बसले, रोजच्याच जागी. पेटी माझ्याकडे सरकवली.

"आता तू घे ही. जा तुझ्या मास्तराकडे. आयशीन सांगितल्यान माका." मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "माझी बोटां चुकाक लागली गो. कधीपासून चुकतत कोण जाणे. माका मास्तर व्हयो होतो. शिकूक नाय. चुकलंस म्हणान तोंडार सांगणारो कोणतरी व्हयो होतो. तसो कोण मेळाकच नाय माका."

बोटं चुकली नव्हती. ते मला सांगायचं होतं. त्यासाठी फक्त त्यांच्याकडे तोंड करायचं होतं, ओठ त्यांना दिसतील असं.

"आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "मी खरवडली पेटी." पण हे मी मान खाली घालून, पेटीकडे बघत म्हणाले. त्यांना ते कळणार नाही हे मला ठाऊक होतं. गॅलरीत बुवांचा गजर सुरू झाला होता, पेटीशिवाय. आबा थोडा वेळ माझ्या बाजूला बसले आणि मग उठून झोपायला गेले.